ऐकीव नव्हे, ऐकलेला पुरावा : रेडिओवरील गुन्हेकथा

संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे दोन भाग पाडले व नाटकाला दृश्य काव्यात बसविले. ही वाटणी शतकानुशतके बिनतक्रार चालली. विसाव्या शतकात रेडिओ आला आणि त्याने नाटक उचलून श्राव्याच्या दालनात नेऊन ठेवले. डोळ्यांसाठी जन्मलेली कला कानांच्या हवाली झाली. ‘नभोनाट्य’ आणि ‘श्रुतिका’ हे शब्द मराठीत रुळले ते या स्थलांतरामुळेच.

कौटुंबिक किंवा विनोदी नाटकाचे एक वेळ समजू शकते. ते मुळातच संवादांवर चालते. परंतु गुन्ह्याच्या कथेचे काय? तिचे सारे भांडवल पाहण्याचे. चिखलात उमटलेला पायाचा ठसा, पेल्याच्या कडेला लागलेले बोट, अर्धवट जळालेले पत्र, संशयिताच्या चेहऱ्यावरून क्षणभर सरकलेली छाया, या सगळ्या बघण्याच्या गोष्टी. गुप्तहेराच्या हातातले भिंग ही तर त्याची निशाणीच होऊन बसली आहे. असे असताना नेमकी हीच कथा, जिथे काहीही दिसत नाही अशा माध्यमात, अतिशय लोकप्रिय झाली. हे कसे घडले, त्यामागचे तंत्र कोणते, आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातून महाविद्यालयात येणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

अंधारात सुरू झालेले नाटक

केवळ रेडिओसाठी म्हणून लिहिलेले पहिले नाटक कोणते, या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर दिले जाते. १५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून बीबीसीने रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाचे ‘डेंजर’ हे नाटक प्रक्षेपित केले. प्रसंग असा : कोळशाच्या खाणीत काही मंडळी पाहुणी म्हणून उतरली आहेत, दिवे जातात आणि सर्वजण काळोखात अडकतात. लेखकाची युक्ती सोपी पण मर्मभेदी होती. श्रोत्याला काही दिसत नाही ना? मग पात्रांनाही दिसता कामा नये! श्रोता आणि पात्र एकाच अंधारात उभे राहिले आणि माध्यमाची उणीव हीच कथेची गरज बनली.

पुढे गुन्हेकथेने हीच किल्ली उचलली. गुन्हा हा स्वभावतःच अंधारातला व्यवहार. तो कोणी केला हे दिसत नाही, म्हणून तर तपास करायचा. ‘दिसत नाही’ ही अवस्था गुप्तहेराची आणि रेडिओच्या श्रोत्याची सारखीच असते. पुस्तकातल्या किंवा पडद्यावरच्या गुन्हेकथेत लेखकाला काही गोष्टी मुद्दाम झाकाव्या लागतात. रेडिओवर सगळे झाकलेलेच असते. लेखक एकेक गोष्ट उघडी करीत जातो.

अमेरिकेत १९३० साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षी शेरलॉक होम्स प्रथमच रेडिओवर अवतरला. रंगभूमीवर होम्स गाजविणारे विल्यम जिलेट यांनीच त्याला आवाज दिला. त्याच वर्षी ‘द शॅडो’ हा गूढ आवाज प्रथम ऐकू आला. सुरुवातीला तो गुन्हेकथांचा केवळ निवेदक होता. १९३७ पासून तो स्वतंत्र नायक झाला आणि ऑर्सन वेल्स यांनी ती भूमिका केली. हा नायक समोरच्याच्या मनावर पडदा टाकून अदृश्य होत असे. विचार केला तर अदृश्य नायक रेडिओइतका स्वस्तात आणखी कुठे मिळणार? हा कार्यक्रम १९५४ पर्यंत चालला.

१९४२ साली सुरू झालेल्या ‘सस्पेन्स’ या मालिकेने वीस वर्षांत नऊशेहून अधिक भाग सादर केले. त्यातला ल्यूसिल फ्लेचर यांनी लिहिलेला ‘सॉरी, राँग नंबर’ हा भाग २५ मे १९४३ रोजी झाला. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री नवऱ्याच्या कचेरीत फोन लावू पाहते. तारा एकमेकींत गुंततात आणि दोन परके पुरुष एका बाईच्या खुनाचा बेत करताना तिला ऐकू येतात. ती ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते. कोणी मनावर घेत नाही. आणि ती बाई म्हणजे आपणच, हे तिला फार उशिरा कळते. ॲग्नेस मूरहेड यांनी ही भूमिका इतकी गाजविली की त्याच मालिकेत ती पुनःपुन्हा करावी लागली. येथे गुन्ह्याचा एकमेव पुरावा म्हणजे कानावर पडलेले शब्द. आणि श्रोतादेखील तेच शब्द त्याच क्षणी ऐकतो. ती बाई जितकी साक्षीदार, तितकेच आपण.

१९४९ साली जॅक वेब यांचे ‘ड्रॅगनेट’ आले आणि त्याने गुन्हेकथेला वेगळी शिस्त लावली. लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर ते आधारलेले असे. नावे तेवढी बदललेली. किंकाळ्या कमी, चौकश्या जास्त. दार ठोठावणे, नाव विचारणे, टिपून घेणे, पुढच्या दाराकडे जाणे. तपास म्हणजे चमत्कार नसून चिकाटी आहे, हे सामान्य माणसाला त्या सपाट, कोरड्या आवाजाने शिकविले.

इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५१ या काळात ‘डिक बार्टन’ हा साहसी नायक रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे येई. त्याचे ७११ भाग झाले आणि भरभराटीच्या दिवसांत त्याचे श्रोते सुमारे दीड कोटी होते असे सांगतात. त्याचा शेवटही बोधप्रद आहे. १९५१ साली त्याच्या वेळेवर ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची मालिका आली. शेतीची माहिती गोष्टीतून द्यावी हा तिचा मूळ हेतू होता. गुप्तहेराला शेतकऱ्याने हटविले! ती मालिका आजही चालू आहे.

ॲगाथा ख्रिस्ती यांचे उदाहरणही सांगितलेच पाहिजे. राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने त्यांच्याकडून एक छोटी श्रुतिका लिहून घेतली. ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही ती श्रुतिका ३० मे १९४७ रोजी प्रक्षेपित झाली. तीच पुढे वाढून २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या रंगभूमीवर ‘द माउसट्रॅप’ म्हणून आली आणि जगात सर्वाधिक काळ चाललेले नाटक ठरली. अर्ध्या तासाच्या श्रुतिकेने केवढा पल्ला गाठला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडचा रेडिओ

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ मध्ये आले. विविध भारतीची सुरुवात ३ ऑक्टोबर १९५७ ची, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला. ही शेवटची तारीख आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण जाहिरातींबरोबर प्रायोजित कार्यक्रम आले, आणि प्रायोजकाला हवा असतो तो पुढच्या आठवड्यात हटकून परत येणारा श्रोता. असा श्रोता बांधून ठेवण्यास गुन्हेकथेसारखा दोर नाही.

‘इन्स्पेक्टर ईगल’ हे त्याचे उत्तम उदाहरण. ईगल फ्लास्कच्या नावावरून नायकाचे नाव पडले! हिंदीत असूनही ही मालिका महाराष्ट्राच्या घराघरांत ऐकली गेली. इन्स्पेक्टर ईगल आणि त्याचे हवालदार नाईक ही जोडी होम्स-वॉटसनच्या घराण्यातलीच. एक विचार करणारा, दुसरा प्रश्न विचारणारा. रेडिओवर या दुसऱ्याची गरज पुस्तकातल्यापेक्षा अधिक. मनातला विचार मोठ्याने बोलायला कोणीतरी ऐकणारा हवाच. याच नावाचा चित्रपटही निघाला व त्यात संजीवकुमार होते. परंतु नाव टिकले ते रेडिओमुळे.

मराठी माणसाचा कान या कथांसाठी आधीच तयार झाला होता. तो तयार केला बाबूराव अर्नाळकरांनी. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू वाचनालयांतून घरोघर पोचले होते. ही पुस्तके वाचली जात त्यापेक्षा वाचून दाखविली जात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि बाकीचे कंदिलाभोवती बसून ऐकत. म्हणजे रहस्यकथा ही आपल्याकडे अनेकांना आधी ऐकूनच ठाऊक होती.

दुसरीकडे, केवळ आवाजावरून माणूस उभा करण्याची सवय मुंबई केंद्राच्या श्रुतिकांनी लावली. ‘प्रपंच’ या लोकप्रिय मालिकेतील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांना कोणी पाहिले नव्हते. पण त्यांना न ओळखणारा श्रोता विरळा. ती गुन्हेकथा नव्हती, घरगुती कथा होती. तरी कान तयार होतो तो अशाच रोजच्या तालमीने.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबई केंद्राच्या टप्प्यात होते. रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे तेव्हापासून ट्रान्झिस्टर खुंटीला लटकू लागला तेव्हापर्यंत, येथे रेडिओ हे मुख्यतः अनेकांनी मिळून ऐकण्याचे साधन होते. डोंगराकडच्या कित्येक पाड्यांवर वीज उशिरा पोचली. ट्रान्झिस्टर मात्र सेलवर चाले. शिवाय मध्यम लहरींचा एक गुण आहे : सूर्य मावळल्यावर वातावरणातला त्या शोषून घेणारा थर विरतो आणि दिवसा न लागणारी लांबची केंद्रेही खरखरत लागू लागतात. बाहेर मिट्ट काळोख, आत एक खरखरता आवाज आणि खून नुकताच झालेला. रिचर्ड ह्यूज यांना जो अंधार नाटकात लिहून घ्यावा लागला, तो आपल्याकडे आयताच होता.

कानाचा तपास

आता तंत्राकडे वळू. गुन्हेकथेची श्रुतिका चार गोष्टींवर उभी असते : आवाज, ध्वनिपरिणाम, अंतर आणि शांतता.

आवाजाचा पहिला नियम असा की, दोन पात्रे एकसारखी ऐकू येता कामा नयेत. एक जाड तर दुसरा किनरा, एक घाईचा तर दुसरा संथ. पात्रे पाच-सहांहून अधिक झाली की श्रोत्याचा गोंधळ उडतो, म्हणून संशयितांची संख्या आपोआप मर्यादित राहते. प्रत्येक प्रवेशात पात्रे एकमेकांना नावाने हाका मारतात ती प्रेमाने नव्हे. कोण बोलत आहे हे आपल्याला कळावे म्हणून.

ध्वनिपरिणामांची कहाणी गमतीची आहे. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, विजांचा कडकडाट म्हणजे हलविलेला पातळ पत्रा, आग म्हणजे माइकजवळ चुरगळलेला चमकदार कागद, पाऊस म्हणजे चाळणीत फिरविलेले वाटाणे. खरा आवाज ध्वनिमुद्रित केला तर तो पुष्कळदा खोटा वाटतो आणि करवंटी खरी वाटते. कारण आपण ऐकतो तो आवाज नसून त्याचा अर्थ असतो.

अंतर म्हणजे माइकपासूनचे अंतर. पात्र जवळ असेल तर श्वासही ऐकू येतो आणि ते आपल्याला विश्वासात घेत आहे असे वाटते. दूर गेले की ते परके होते. आवाज घुमला तर जागा मोठी व रिकामी, न घुमला तर खोली सामानाने भरलेली. नेपथ्यकाराचे अर्धे काम येथे तंत्रज्ञ करतो.

चौथी गोष्ट शांतता. रंगमंचावर कोणी बोलले नाही तरी नट दिसत असतो. रेडिओवर कोणी बोलले नाही तर जगच नाहीसे होते. चार सेकंदांची शांतता श्रोत्याला रेडिओ बंद पडला की काय या शंकेने पुढे वाकायला लावते. मोठमोठ्या किंकाळ्यांनी जे साधत नाही ते येथे साधते.

या चारांच्या साहाय्याने लेखकाला एक अवघड काम करायचे असते : श्रोत्याशी प्रामाणिकपणे वागून त्याला चकवायचे. पुस्तकाचा वाचक मागची पाने उलटून पाहू शकतो, श्रोता पाहू शकत नाही. म्हणून महत्त्वाचा धागा एकदा सांगून भागत नाही. तो तीनदा, तीन वेगळ्या निमित्तांनी कानावरून जाऊ द्यावा लागतो आणि तरीही तो धागा आहे हे कळू द्यायचे नसते.

हे आपल्याकडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, खळ्यावरून भाताची पोती चोरीला गेली आहेत. रात्र पावसाची. एक संशयित सांगतो, “मी त्या वेळी घरीच होतो, घरूनच फोन केला.” तो फोन आपण श्रोत्यांनी पहिल्या प्रवेशात ऐकलेला आहे. त्याच्या बोलण्यामागे पाऊस वाजत होता. ताड ताड, पत्र्यावर. दुसऱ्या प्रवेशात तपास करणारा त्याच्या घरी जातो; पाऊस चालूच आहे, पण येथे त्याचा आवाज मऊ, दबका. तिसऱ्या प्रवेशात त्याची म्हातारी आई सहज बोलून जाते, “औंदा कवलं शाकारली म्हनून बरं, न्हायतर सारं गललं असतं.” घर कौलांचे आहे. मग तो पत्रा कुठला? खळ्याशेजारच्या गोदामाचा! एकही शब्द खोटा न बोलता पुरावा तीनदा श्रोत्यापुढे ठेवला गेला. कौलावरचा, पत्र्यावरचा आणि इरल्यावरचा पाऊस वेगळा वाजतो हे ज्याला ठाऊक आहे, तो उत्तर इन्स्पेक्टरच्या आधी सांगेल.

आणि हे कोणाला ठाऊक असते? येथे आपल्या भागातील माणसाचा अधिकार मोठा आहे. भात तयार झाल्यावर रानडुकरांपासून राखण करायला माळ्यावर बसणारा शेतकरी रात्रभर कानानेच पाहत असतो. टिटवी ओरडली म्हणजे जमिनीवर काहीतरी हालले. बेडूक एकाएकी गप्प झाले म्हणजे बांधावरून कोणी गेले. कुत्रा भुंकला नाही, याचाही अर्थ असतो. कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत होम्सने नेमके हेच ओळखले : रात्री तबेल्यातून घोडा नेला तरी कुत्रा ओरडला नाही, अर्थात नेणारा ओळखीचा होता. जगाने या तर्काला मान डोलविली. आपल्याकडचा राखणदार त्याला नवल म्हणणार नाही.

आवाजाला चिकटलेला संशय

इथवर रेडिओच्या गुन्हेकथेचे गुण पाहिले. आता तिचा एक गंभीर धोका पाहिला पाहिजे, कारण तो आपल्या अंगाशी येणारा आहे.

रेडिओवर चेहरा नाही, कपडे नाहीत, घर नाही. पात्राची ओळख केवळ बोलण्यावरून करून द्यायची. मग घाईत असलेला लेखक सोपा मार्ग धरतो. इन्स्पेक्टर शुद्ध, पुस्तकी भाषेत बोलणार. घरगडी, गाडीवान आणि चोर ‘गावठी’ बोलणार. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळे’ला ‘शाला’ म्हणणारे पात्र आले की श्रोत्याने एक तर हसायचे, नाही तर संशय घ्यायचा. परंतु हे ‘पानी’ आणि ‘शाला’ शहापूर-मुरबाडच्या कुणबी, आगरी घरांतले नित्याचे बोलणे आहे. ठाकूर आणि कातकरी बांधवांच्या बोली त्याहून निराळ्या. म्हणजे आपल्या आईची भाषा ऐकू आली की गुन्हेगार सापडला, असे समीकरण होऊ लागते.

ही निव्वळ कलेतली चूक म्हणून सोडून देता येत नाही. माणसाकडे पाहून नव्हे, तर तो कोणत्या समाजात जन्मला हे पाहून त्याला गुन्हेगार ठरविणारा कायदा या देशात प्रत्यक्ष होता. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा केला. आपल्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या कातकरी समाजावरही इंग्रजी अमलात हा शिक्का बसला होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कायद्याचा कागद फाडता येतो. कानाची सवय मोडायला मात्र वेळ लागतो.

कान किती चुकू शकतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे १ मार्च १९३२ रोजी अपहरण झाले. खंडणी देताना रात्री दफनभूमीच्या बाहेर मोटारीत बसलेल्या लिंडबर्ग यांनी लांबून एक हाक ऐकली, अवघ्या दोन-तीन शब्दांची. पुढे १९३५ च्या खटल्यात, म्हणजे पावणेतीन वर्षांनी, त्यांनी शपथेवर सांगितले की तो आवाज आरोपी हाउप्टमानचाच होता. आरोपीविरुद्ध इतरही पुरावा होता आणि १९३६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. पण त्या एका साक्षीने मानसशास्त्रज्ञांना विचारात पाडले. फ्रान्सिस मॅक्गीही या संशोधिकेने १९३७ साली प्रयोग करून पाहिला. परका आवाज एकदा ऐकविल्यावर दुसऱ्या दिवशी शेकडा ८३ जणांनी तो बरोबर ओळखला; पाच महिन्यांनी हे प्रमाण शेकडा १३ वर आले. कानाला आठवते कमी आणि खात्री मात्र वाटते पूर्ण!

आपला कायदाही याबाबत सावध आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमाने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असे सांगितले : जी गोष्ट ऐकण्याची, तिची साक्ष ती स्वतः ऐकणाऱ्यानेच द्यावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. तपासासाठी संशयिताच्या आवाजाचा नमुना घेण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले. म्हणजे ऐकलेल्या गोष्टीला न्यायालयात स्थान आहे. ऐकीव गोष्टीला नाही. आणि ‘असे बोलणारी माणसे असलीच असतात’ ही तर ऐकीव गोष्टींतली सर्वांत जुनी.

उत्तम गुन्हेकथा येथेच आपली योग्यता सिद्ध करते. ती श्रोत्याच्या पूर्वग्रहाला आमिष दाखविते. राकट आवाजाच्या माणसावर आपण झटकन संशय घेतो आणि शेवटी कळते की, पुरावा त्याच्याविरुद्ध कधीच नव्हता; होता तो आपलाच कल. अर्थात दर वेळी मृदू आवाजाचा सज्जनच खुनी निघू लागला तर तोही एक साचाच. नियम एवढाच : आवाजाने शंका यावी, निर्णय मात्र पुराव्याने व्हावा.

विरलेला आवाज आणि आपण

३० सप्टेंबर १९६२ रोजी ‘सस्पेन्स’चा शेवटचा भाग झाला आणि अमेरिकेतील रेडिओनाट्याचे ते पर्व संपले. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या दशकात पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकाचे नाव घेतलेली ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका बी. पी. सिंग यांनी दूरदर्शनवर आणली. तिच्यात शिवाजी साटम होते. त्याच जोडीने १९९८ पासून ‘सी. आय. डी.’ घराघरांत नेले. पूर्वी रेडिओभोवती बसणारी मंडळी पडद्यासमोर बसू लागली.

परंतु सर्वच काही हरवले नाही. ‘सस्पेन्स’चे बहुतेक भाग तबकड्यांवर उतरविलेले असल्याने आजही ऐकता येतात. ‘डिक बार्टन’च्या मूळ भागांपैकी मात्र फारच थोडे उरले. बीबीसीने ‘पॉल टेम्पल’ या गुप्तहेराच्या हरवलेल्या मालिका जुन्या संहितांवरून २००६ पासून पुन्हा सादर केल्या. संहिता जपली तर आवाज पुन्हा उभा करता येतो, हा त्यातला धडा. कोलकात्यात रेडिओ मिर्चीने २००९ पासून ‘संडे सस्पेन्स’मधून फेलुदा-ब्योमकेशच्या कथा बंगालीत ऐकविल्या आणि नव्या पिढीने त्या उचलून धरल्या. मोबाइलवर बघायला इतके असताना तरुण मुले कान देऊन ऐकतात, याचा अर्थ या कलेची गरज संपलेली नाही.

आपल्या महाविद्यालयाला हे अशक्य नाही. रंगमंच लागत नाही, पडदे लागत नाहीत, रंगभूषा लागत नाही. पंधरा मिनिटांची संहिता, पाच आवाज, एक शांत खोली, दोन करवंट्या, एक पत्रा, वाटाणे आणि ध्वनिमुद्रण करणारा साधा मोबाइल एवढे पुरे. स्नेहसंमेलनात एकांकिकेच्या बरोबरीने श्रुतिकेलाही अर्धा तास मिळावा. त्या अर्ध्या तासात सभागृहातले दिवे मालवावेत आणि शेवटच्या प्रवेशाआधी नाटक थांबवून श्रोत्यांना विचारावे : गुन्हेगार कोण, आणि कशावरून? ‘कशावरून’ला उत्तर नसेल तर ‘कोण’चे उत्तर धरू नये. न्यायशास्त्राचा आणि साहित्यसमीक्षेचा याहून सोपा वर्ग कोणता?

एक अट मात्र असावी. आपल्या श्रुतिकेत तपास करणारी व्यक्ती शहापूर-मुरबाडची बोली बोलणारी असावी. बोहाड्यात सारा खेळ मुखवट्याचा, तसा रेडिओवर सारा खेळ आवाजाचा. आणि कोणत्या सोंगाला कोणता आवाज द्यायचा हे लिहिणाऱ्याच्या हाती असते. आजवर आपल्या बोलीच्या वाट्याला चोराची आणि गड्याची सोंगे आली. पत्र्यावरचा पाऊस आणि कौलावरचा पाऊस यांतला फरक ज्या भाषेतल्या माणसांना उपजत कळतो, त्या भाषेत एखादी इन्स्पेक्टरीण “पानी कुठं वाजत होतं?” असे विचारू लागली, तर तिच्या ‘पानी’ला हसण्यापूर्वी संशयिताला घाम फुटलेला असेल.